घरच्या संगीतश्रवणास महागडा ‘डॅक’ हवाच काय?

संसारात काही प्रश्न असे असतात की, त्यांचे उत्तर दुकानदारास विचारावयाचे नसते. सोन्याचा कस सोनाराने सांगावा हे ठीक. पण सोने घ्यावे की न घ्यावे, हे त्यालाच विचारणाऱ्या गृहस्थास कोणी शहाणा म्हणणार नाही. संगीत ऐकण्याच्या यंत्रांची गोष्ट याहून निराळी नाही. ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर ही एकेकाळची दिवाणखान्यातील मानाची यंत्रे. त्यांची जागा आता फोन, संगणक आणि इंटरनेटवरून येणाऱ्या संगीताने घेतली असून त्यांच्याबरोबर एक नवी लहानशी पेटी घरात शिरू पाहत आहे. तिचे पूर्ण नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. परंतु एवढे लांब नाव उच्चारण्यास कोणासही सवड नसल्यामुळे सारे तिला ‘डॅक’ म्हणतात. तिची किंमत सुमारे हजार रुपयांपासून सुरू होते आणि कित्येक लाखांपर्यंत चढते. काम पाहावे तर स्वस्त पेटीचे आणि महाग पेटीचे एकच. मग किमतीतील हा शेकडो पटींचा फरक कानास कितपत कळतो, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

या विचारास निमित्त झाले ते दीपनगरच्या एका स्नेह्यांचे पत्र. भुसावळजवळील दीपनगर म्हणजे औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. पाचपाचशे मेगावॅटचे दोन मोठे संच तेथे आहेत आणि खानदेशच्या घराघरांतील दिवे उजळणाऱ्या या वस्तीस दीपनगर हे नाव शोभून दिसते. आमचे स्नेही तेथे टर्बाईनच्या विभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झाले. संगीताचा नाद त्यांना पूर्वीपासून आहे. ते लिहितात : “निवृत्तीच्या रकमेतून सव्वा लाखाचा डॅक घ्यावा असे मनात आहे. अलीकडे तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी कानी येत नाही. दुकानदार म्हणतो की, दोष आमच्या स्वस्त डॅकचा. आपले मत कळवावे.” पत्राच्या खाली त्यांच्या पत्नीने दोन ओळी जोडल्या आहेत : “भावजी, यांना काय ते स्पष्ट सांगा. घराला रंग द्यावयाचा अजून राहिला आहे.” सव्वा लाख रुपये ही मध्यम स्थितीच्या कुटुंबास लहान रक्कम नव्हे. तेव्हा उत्तर स्पष्टच द्यावयास हवे, आणि ते कारणांसह द्यावयास हवे.

डॅक करतो काय?

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी अखंड चढउतार. ही चढउतार मायक्रोफोनने टिपली की तिची विजेची लाट होते. या लाटेची उंची ठराविक क्षणांनी मोजून ते आकडे लिहून ठेवले म्हणजे अंकरूप ध्वनिमुद्रण झाले. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये दर सेकंदास ४४,१०० वेळा ही उंची मोजलेली असते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसविलेली असते. संगणकाच्या भाषेत यास सोळा बिट म्हणतात. फोनमध्ये अथवा इंटरनेटवर असते ते हेच आकड्यांचे बाड. फार तर दाबून लहान केलेले. आता स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला विजेची लाटच हवी. आकडे वाचून त्यांची पुन्हा लाट करून देणे, एवढेच डॅकचे काम. फोनमध्ये, संगणकात, टेलिव्हिजनमध्ये, किंबहुना आवाज काढणाऱ्या प्रत्येक आधुनिक यंत्रात एक डॅक असतोच. प्रश्न आहे तो निराळी पेटी विकत घेण्याचा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानांतून एक चित्र दाखवितात : गुळगुळीत लाटेच्या जागी जिन्यासारख्या पायऱ्या. स्वस्त डॅकमध्ये अशा पायऱ्या राहतात आणि महाग डॅकमध्ये त्या नाहीशा होतात, असे सांगण्यात येते. चित्र मनात ठसणारे असले तरी ते खरे नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या विचारांस पुढे नेऊन, एक सिद्धांत मांडला आहे. लाटेतील सर्वांत वेगवान कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केलेली असेल, तर त्या आकड्यांपासून मूळची लाट संपूर्ण परत मिळविता येते. दोन मोजण्यांमधील भाग हरवलेला नसतो. माणसाच्या कानास तरुणपणी फार तर सेकंदाला वीस हजार कंपने ऐकू येतात. तेव्हा ४४,१०० मोजण्या त्यास पुरेशा आहेत. डॅकमधून बाहेर पडणारी लाट शेवटच्या गाळणीतून जाते तेव्हा ती गुळगुळीतच असते. पायऱ्या असतात त्या कागदावरील चित्रात.

महागपणाची कीर्ती कोठून आली?

तरीही महाग डॅकची कीर्ती सर्वस्वी निराधार नाही. तिला एके काळी आधार होता, आणि तो कोणता हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

सुवर्णनगरी म्हणून जळगावची ख्याती असल्याने तराजूचेच उदाहरण घेऊ. समजा, सोनाराकडे सोळा वजने आहेत : पहिले एका गुंजेचे, दुसरे दोन गुंजांचे, तिसरे चार गुंजांचे, याप्रमाणे प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. या सोळा वजनांनी शून्यापासून ६५,५३५ गुंजांपर्यंत कोणताही भार जोखता येतो. परंतु सोळावे वजन ३२,७६८ गुंजांचे होते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबाने हे तीनशे एकेचाळीस तोळ्यांहून अधिक झाले. एवढ्या भल्या मोठ्या वजनात अर्ध्या गुंजेची चूक झाली, तरी एका गुंजेचे वजन ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. प्रारंभीच्या काळातील डॅक अशाच पद्धतीने चालत. वजनांच्या जागी विजेचे रोध असत, आणि ते इतक्या नेमकेपणाने जुळविणे खर्चाचे काम होते. फिलिप्ससारख्या कंपनीनेही आपल्या पहिल्या पिढीतील यंत्रांत सोळाऐवजी चौदा बिटांचा डॅक वापरला आणि उरलेली उणीव मोजण्यांची गती चौपट करून भरून काढली. त्या काळात चांगला डॅक महाग असे आणि महाग डॅक चांगला असण्याचा संभवही अधिक असे.

पुढे अभियंत्यांनी ही अडचण निराळ्या वाटेने सोडविली. सोळा नेमकी वजने बाळगण्याऐवजी मोजकीच साधी वजने इतक्या वेगाने ठेवावयाची आणि उचलावयाची की, त्यांची सरासरी हव्या त्या भारावर येऊन बसेल. घरची विजेची इस्त्री याच तत्त्वावर चालते. तिच्यातील वीज पुन्हा पुन्हा चालू-बंद होते आणि सरासरी उष्णता मात्र ठरल्याप्रमाणे राहते. डॅकमध्ये हे सेकंदाला लक्षावधी वेळा घडते. यास डेल्टा-सिग्मा पद्धती म्हणतात. अत्यंत नेमके रोध घडविणे महाग होते. अत्यंत वेगवान गणित करणे मात्र सिलिकॉनच्या कणभर तुकड्यात दिवसेंदिवस स्वस्त होत गेले. परिणामी एकेकाळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असणारा नेमकेपणा आता बोटभर तारेत मावू लागला आहे. अ‍ॅपल कंपनीची फोनला हेडफोन जोडण्याची सुमारे हजार रुपयांची तार घ्या. तिच्या टोकाच्या चिमुकल्या डबीत डॅक आहे, आणि उपकरणांनी मोजले असता त्यातील दोष मूळ आवाजाच्या जवळजवळ शंभर डेसिबल खाली भरतात; म्हणजे लाटेच्या उंचीच्या सुमारे लाखाव्या हिश्शाएवढे.

मोजमाप पुरे, कान काय म्हणतो?

यावर कोणी रसिक म्हणेल की, उपकरणांस संगीत काय कळते? आक्षेप योग्य आहे. म्हणून कानांनी घेतलेल्या परीक्षा पाहू.

अमेरिकेतील बॉस्टन येथील ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी २००७ साली आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी कॉम्पॅक्ट डिस्कहून उच्च दर्जाचे मुद्रण ऐकविले, आणि तेच मुद्रण मध्येच कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या अरुंद नळीतून काढूनही ऐकविले. केव्हा काय चालू आहे हे ऐकणारास सांगितलेले नव्हते. ५५४ परीक्षांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी याहून निराळे काय झाले असते? लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा अठरा प्रयोगांचे निकाल एकत्र केले. साडेबारा हजारांहून अधिक परीक्षांत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले. ते पन्नासाहून किंचित अधिक आहे, आणि कान मुद्दाम तयार केलेल्या श्रोत्यांत ते अधिक दिसले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हे प्रयोग मुद्रणाच्या दर्जासंबंधी होते, दोन डॅकमधील तुलनेचे नव्हते. तथापि मुद्रणाच्या दर्जात एवढा मोठा फरक करूनही कानास तो जेमतेम जाणवत असेल, तर दोन निर्दोष डॅकमधील त्याहून सूक्ष्म फरकाविषयी काय अपेक्षा करावी, हे वाचकांनीच ठरवावे.

मग दुकानात महाग डॅक गोड का वाटतो? बहुधा तो किंचित मोठ्याने वाजतो म्हणून. निरनिराळ्या डॅकमधून बाहेर पडणारा विजेचा दाब सारखा नसतो. दोन आवाजांत डेसिबलच्या अंशाइतका फरक असला, तर कान त्यास ‘मोठा’ न म्हणता ‘स्पष्ट’, ‘भरदार’, ‘जिवंत’ म्हणतो. त्यात किमतीची चिठ्ठी डोळ्यांसमोर असते. यात दुकानदाराची लबाडी असलीच पाहिजे असे नाही; त्याचेही कान माणसाचेच असतात.

दोष शोधावयाचा कोठे?

संगीत मुद्रिकेतून निघून आपल्या मनापर्यंत पोहोचते ती एक साखळी आहे : मुद्रण, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, खोली आणि कान. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतके. आणि आज त्या साखळीत डॅक ही दुबळी कडी बहुधा नसतेच.

स्पीकर पाहा. मध्यम किमतीच्या स्पीकरमध्ये खर्जाच्या सुरांत शेकडा एक इतका दोष सहज असतो. वर सांगितलेल्या हजार रुपयांच्या तारेतील दोषाच्या हे सुमारे हजारपट झाले.

खोली पाहा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटत राहतो आणि त्या अंतरास जुळणारे सूर फुगतात. बारा फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस कंपनांचा सूर असा फुगतो आणि दहा फूट रुंदीमुळे सुमारे छप्पन्न कंपनांचा. एका जागी खर्ज घुमतो, तर दोन हात सरकून बसले की नाहीसा होतो. हा फरक दहा डेसिबलचाही असू शकतो. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे तानेच्या जागा एकमेकींत मिसळतात ते निराळेच. कोणताही डॅक यावर उपाय करीत नाही. जाड सतरंजी, भिंतीवर गोधडी अथवा पडदा, पुस्तकांनी भरलेले कपाट, भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेले स्पीकर एवढे केले, तर जो फरक पडतो तो डोळे मिटूनही ओळखता येतो. आमच्या वाचकांच्या घरी पुस्तकांस तोटा नसतो. त्यांचा हा एक नवा उपयोग!

आणि खानदेशचा उन्हाळा पाहा. भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पंखा अथवा कूलर बंद करून संगीत ऐकणे हे तपश्चर्येत मोडेल. शांत रात्री खोलीत तीस डेसिबलची कुजबुज असते. कूलर चालू झाला की ती पन्नास-साठांवर जाते. गाण्यातील सर्वांत मोठा आवाज नव्वदांपर्यंत नेला, तरी कूलरच्या वर उरतात तीस-चाळीस डेसिबल. सोळा बिटांची साधी मुद्रिका शहाण्णव डेसिबलचा विस्तार देते. तीस-चाळीस डेसिबलच्या जागेत शहाण्णवांचा विस्तारही मावत नसता, एकशेवीस डेसिबलचा विस्तार देणाऱ्या पेटीसाठी लाख रुपये मोजणे म्हणजे एक पातेले दूध तापविण्यासाठी लग्नघरची भट्टी पेटविण्यासारखे आहे.

साखळीतील शेवटची कडी कान. हिच्याविषयी बोलण्यास माणसे संकोचतात, म्हणून आम्ही मुद्दाम बोलतो. वय वाढते तसे वरचे सूर ऐकू येईनासे होतात. साठीच्या पुढे बहुतेकांस बारा हजार कंपनांवरचे फारसे ऐकू येत नाही. त्यातही ज्यांनी मोठ्या यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम केले, त्यांच्या कानांस चार हजार कंपनांच्या आसपास एक विशिष्ट खड्डा पडतो, हे वैद्यकशास्त्रास चांगले माहीत आहे. साधे बोलणे पुष्कळसे समजत असल्यामुळे हा दोष माणसाच्या लक्षात येत नाही. हरवते ते व्यंजनांचे टोक, चिमण्यांचा किलबिलाट आणि तंबोऱ्याच्या जवारीची चकाकी. दीपनगरच्या स्नेह्यांचे पत्र वाचताना आम्हांस प्रथम हेच आठवले. आम्ही त्यांस डॅकविषयी काहीही न लिहिता, आधी कानांच्या वैद्याकडून श्रवणाची तपासणी करून घेण्याची विनंती केली. तपासणीत चार हजारांजवळचा तो खड्डा दोन्ही कानांत निघाला. दोष डॅकमध्ये नव्हता; आणि सव्वा लाख रुपये खर्च करूनही जवारी परत आली नसती. हातून गेलेले श्रवण कोणी परत देऊ शकत नाही, परंतु योग्य बसविलेल्या श्रवणयंत्राने उरलेल्यास पुष्कळ आधार मिळतो. अशा नोकरीत आज असलेल्या तरुण वाचकांस आमचे सांगणे आहे की, टर्बाईनच्या मजल्यावर जाताना कानांवरील संरक्षण एक दिवसही विसरू नये. संगीतावर केलेला हा सर्वांत उत्तम खर्च आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

आता साखळीच्या आरंभीची कडी, म्हणजे मुद्रण. आमच्या वर्गातील पुष्कळ घरांत अजूनही जुन्या गाण्यांची गोडी आहे. बालगंधर्व तर खानदेशास विशेष जवळचे. लहानपणी त्यांनी जळगावास मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते. त्यांच्या काळातील आरंभीच्या तबकड्या कर्ण्यापुढे गाऊन, विजेच्या साहाय्यावाचून मुद्रित होत असत. विजेची मुद्रणपद्धती १९२५ पासून सुरू झाली. कर्ण्याच्या मुद्रणात तीन-चार हजार कंपनांवरचे फारसे काही उतरत नसे, आणि लाखेच्या तबकडीची खरखर गाण्याच्या पाठीशी सदैव असे. अशा मुद्रणात जे आहे ते सर्व, आणि त्याहून पुष्कळ अधिक, हजार रुपयांचा डॅकही देऊन टाकतो. जे नाही, ते दहा लाखांचाही देत नाही.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत खरा फरक पडतो तो त्या अंकांत उतरविणाऱ्याच्या दक्षतेने. तबकडीवर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचे नाव असले, तरी प्रत्येक तबकडी तितक्याच वेगाने मुद्रित झालेली असेलच असे नाही. पंच्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरांवर वाजविली, तर पेटीवरील शेजारच्या काळी-पांढरीत जे अंतर असते त्याच्या दोन-तृतीयांशाइतकी गायकाची पट्टी चढते आणि आवाज उगाच कोवळा व घाईचा वाटतो. सुईची जाडी चुकली की खरखर वाढते. खरखर काढण्याच्या उत्साहात गाळणी अधिक लावली की तिच्याबरोबर गळ्याचा रंगही निघून जातो. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांतील जाणकारांनी अशा तबकड्यांविषयी केलेले काम म्हणून मोलाचे आहे. एकाच पदाच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवून ऐकून पाहाव्यात. त्यांतील फरक कोणत्याही दोन डॅकमधील फरकाहून मोठा आढळेल.

मग डॅक घ्यावयाचा तरी केव्हा?

निराळा डॅक निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. काही प्रसंगी तो अवश्य घ्यावा. फोनला हेडफोनचे भोक नसेल. टेलिव्हिजनमधून प्रकाशाच्या तारेने येणारा आवाज जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडावयाचा असेल. तीनशे ओहमचे जड हेडफोन फोनच्या ताकदीने पुरेसे वाजत नसतील. अथवा संगणकातील डॅक शेजारच्या विजेच्या गडबडीमुळे सूं-सूं करीत असेल, तर बाहेरची पेटी खरा उपयोग करते. यांपैकी कोणत्याही कामास पाच-दहा हजारांच्या आतील चांगली पेटी पुरते.

येथे घुमघुमीविषयी एक सूचना. दीपनगरचे जनित्र मिनिटाला तीन हजार फेरे घेते म्हणून आपल्या घरच्या विजेत सेकंदाला पन्नास आवर्तने असतात, आणि तीच पन्नास अथवा त्यांची दुप्पट शंभर आवर्तने स्पीकरमधून घुमतात. शंभर कंपनांचा सूर खर्जातील पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. म्हणजे न मागितलेला, आणि तोही बेसूर, असा तंबोराच! पुष्कळ जण या घुमघुमीवर उपाय म्हणून महाग डॅक घेतात. तिचे कारण बहुधा दोन यंत्रे निरनिराळ्या ठिकाणच्या भूतारेस जोडलेली असणे, हे असते. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत, किंवा दोन यंत्रांमध्ये विजेच्या तारेऐवजी प्रकाशाची तार वापरावी. प्लगची भूतार मात्र कधीही कापू नये. त्यात जिवास धोका आहे.

घरीच परीक्षा

एवढे सांगूनही ज्यांचे समाधान होत नसेल, त्यांनी विकत घेण्यापूर्वी पेटी चार दिवस घरी आणून परीक्षा पाहावी. दीपनगरसारख्या वसाहतीत मल्टिमीटर शेजारी मिळतोच. एक स्थिर सूर, सेकंदाला शंभर ते चारशे कंपनांमधला, दोन्ही डॅकमधून पाळीपाळीने वाजवावा आणि स्पीकरच्या टोकांशी विजेचा दाब मोजून तो शेकडा एकाच्या आत सारखा करावा. मग आपण पाठ करून बसावे. घरातील दुसऱ्या कोणी नाणे उडवून डॅक निवडावा, तेच गाणे त्याच ठिकाणापासून लावावे आणि कोणता डॅक आहे हे आपण सांगावे. अशा सोळा फेऱ्या कराव्यात; एका दिवसात नव्हे, दमादमाने. सोळांपैकी बारा अथवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर आपणास फरक खरोखर ऐकू येतो असे मानण्यास हरकत नाही; कारण निव्वळ नशिबाने असे शंभरात चार वेळाही घडत नाही. आठ-नऊच बरोबर आली, तर पेटी परत करावी. या परीक्षेत कमीपणा मुळीच नाही. ‘मला फरक ऐकू आला नाही’ हे म्हणावयास रसिकास लाज वाटते, आणि त्या लाजेवरच पुष्कळसा व्यापार चालतो.

ज्यांस परमेश्वराने भरपूर दिले आहे, त्यांनी सुबक घडणीची, मजबूत आणि दिसण्यास सुंदर पेटी हौसेने घ्यावी. हौसेस मोल नसते. परंतु तिला हौसच म्हणावे, गरज म्हणू नये. मध्यम स्थितीच्या कुटुंबाने मात्र खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम कानांची तपासणी, मग खोलीची व्यवस्था, मग चांगले स्पीकर अथवा हेडफोन, ज्यांत रकमेचा मोठा वाटा जावा, मग चांगले मुद्रण, आणि गरज पडलीच तर शेवटी एक साधा, नेटका डॅक. यातूनही काही उरले, तर जळगावास भरणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या मैफलीस सहकुटुंब जाऊन यावे. तेथे गाणारा समोर बसलेला असतो, तंबोरे त्याच्या मागे चालू असतात, आणि घरच्या यंत्राकडून आपणास काय अपेक्षावयाचे, हे ती एक रात्र ऐकल्यावर अधिक चांगले समजते.